लहान सिरॅमिक ग्रिल कसं निवडावं: घर आणि कॅम्पिंगसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जाड सिरॅमिक भिंती, घट्ट बसणारं घुमटाकार झाकण, खाली एक झडप आणि वर एक. कोळशावरच्या अशा ग्रिलला बाजारात ‘कामाडो’ म्हणतात. इथली उत्तरं त्यातल्या लहान आकारांबद्दल आहेत, म्हणजे जाळीचा व्यास साधारण २५ ते ३८ सेंटीमीटर असलेल्या ग्रिलबद्दल. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये दिलं आहे.

## घेण्याआधी

पत्र्याचं ग्रिल हलकं असतं. मग सिरॅमिक कशासाठी घ्यायचं?

एकाच कारणासाठी: सिरॅमिक उष्णता धरून ठेवतं. पत्र्याच्या ग्रिलमधली धग पत्र्यातून सतत बाहेर जाते, म्हणून विस्तव मोठा ठेवावा लागतो, त्याला हवाही भरपूर लागते आणि कोळसा भराभर संपतो. जाड सिरॅमिक एकदा तापलं की आतलं तापमान टिकवायला थोडेसे निखारे पुरतात. हवा कमी खेळत असल्यामुळे पदार्थातला ओलावाही कमी उडतो. कोंबडीच्या छातीचा भाग इथे कोरडा न पडता शिजतो तो यामुळेच.

पण या गुणाची किंमतही मोजावी लागते. ग्रिल जड असतं, तापायला वेळ घेतं, निवायला त्याहून जास्त घेतं आणि आपटलं तर फुटतं. वीस मिनिटांत काहीतरी भाजून लगेच आवराआवर करायची असेल तर पत्र्याचंच घ्या. तासभर भाजणं, चार-पाच तास मंद धुरावर शिजवणं, ब्रेड, पिझ्झा हे सगळं एकाच ग्रिलवर हवं असेल तर सिरॅमिकचा खर्च वसूल होतो.

किती जणांसाठी कोणता आकार?

माणसं मोजण्याआधी जाळी मोजा. व्यासाचे आकडे फसवे असतात, कारण जागा व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २५ सेंमीच्या जाळीवर सुमारे ४९० चौरस सेंमी जागा मिळते, ३३ सेंमीच्या जाळीवर ८५५ आणि ३८ सेंमीच्या जाळीवर ११३५. १० सेंमी व्यासाच्या बर्गर पॅटी ठेवून पाहिल्या तर २५ च्या जाळीवर चार मावतात आणि ३३ च्या जाळीवर सात, एक मधे आणि सहा भोवती. आठ सेंमीच्या फरकात जवळजवळ दुप्पट जेवण निघतं.

दुसरं माप उंचीचं. जाळीच्या मध्यापासून घुमटाच्या आतल्या टोकापर्यंतचं अंतर मोजा, कारण झाकणावरच्या थर्मामीटरची कांडीही तिथेच आत आलेली असते. दीड किलोची अख्खी कोंबडी उताणी ठेवली तरी बारा सेंमीच्या आसपास उंच होते. १८ सेंमीपेक्षा कमी जागा असेल तर कांडी मांसात घुसते आणि तापमान चुकीचं दिसतं. अशा ग्रिलवर कोंबडीचा कणा काढून ती सपाट पसरून भाजणंच बरं.

आमचं मत विचाराल तर दोघांसाठी आणि वारंवार प्रवासासाठी २५, तीन-चार जणांसाठी ३३. ग्रिल नव्वद टक्के वेळ घरीच राहणार असेल तर ३८ घ्या आणि कॅम्पिंगचा विचार सोडून द्या.

‘पोर्टेबल’ लिहिलेलं असतं. खरंच उचलता येतं का?

उचलता येतं, पण हातात घेऊन चालत जाण्याची ही वस्तू नाही. बिग ग्रीन एगचं ‘मिनी’ २५ सेंमी जाळीचं असून त्याचं वजन सुमारे १७ किलो आहे. त्याच कंपनीचं ‘मिनीमॅक्स’ ३३ सेंमीचं आणि सुमारे ३५ किलोचं. कामाडो जोचं ‘ज्युनिअर’ ३४ सेंमीचं, तीसएक किलोचं. ३८ सेंमीच्या वर्गात आकडा पन्नासच्या आसपास जातो.

निर्णय घेताना एकच प्रश्न विचारा: गाडी जिथे उभी राहणार तिथून चूल मांडण्याची जागा किती लांब? वीस-पंचवीस पावलं असतील तर ३३ सेंमीचं ग्रिल दोघांनी मिळून सहज नेता येतं. पायवाट चढून जायचं असेल तर सिरॅमिक नकोच. दुकानात ग्रिल प्रत्यक्ष उचलून पाहा, तेही गाडीच्या डिकीच्या उंचीपर्यंत. जमिनीवरून गुडघ्यापर्यंत उचलणं सोपं असतं. डिकीच्या कठड्यावरून आत ठेवताना कंबर बोलते. वाहून नेण्याची कडी किंवा चौकट सोबत येते की वेगळी घ्यावी लागते, हेही तेव्हाच विचारा.

दुकानात आणखी काय तपासायचं?

झाकणाचा सांधा आधी. कागदाची पट्टी कडेवर ठेवून झाकण बंद करा आणि पट्टी ओढा. ती अडकत-घासत बाहेर आली तर ठीक, सुळकन निघाली तर तिथून हवा आत शिरणार. घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे बारा जागी ही चाचणी घ्या, बिजागरीजवळ जास्त काळजीनं.

मग खालची झडप सरकवून पाहा. ती बोटानं अर्धा सेंमी उघडता आणि तिथेच ठेवता आली पाहिजे. ढिली, आपोआप सरकणारी झडप लहान ग्रिलमध्ये फार त्रास देते, कारण इथे अर्ध्या सेंमीनं तीस अंशांचा फरक पडू शकतो. वरची टोपी ओतीव लोखंडाची असेल तर टिकाऊ असते, पण गंजते. अ‍ॅल्युमिनिअमची असेल तर गंजत नाही.

उष्णता अडवणारी सिरॅमिक तबकडी, म्हणजे डिफ्लेक्टर, खोक्यात आहे का पाहा. बऱ्याच मॉडेलांत ती वेगळी विकली जाते आणि तिच्याशिवाय ग्रिल निम्मंच वापरता येतं. जाळी, झाकणाच्या सांध्यावर चिकटवलेली पट्टी, म्हणजे गॅस्केट, आणि आतली कोळशाची वाटी, म्हणजे फायरबॉक्स, पाच वर्षांनीही सुटे मिळतील का हे विचारा. एकाच व्यासाच्या दोन ग्रिलमध्ये निवड करायची असेल तर ज्याची वाटी खोल ते घ्या. तेवढ्याच जाळीला जास्त कोळसा, म्हणजे जास्त तास.

दुहेरी पत्र्याचं कामाडो किंवा जपानी पद्धतीचं उघडं ग्रिल चालेल का?

दोन पत्र्यांमध्ये उष्णतारोधक असलेली कामाडो ग्रिल्स वजनानं बरीच हलकी असतात आणि आपटली तर पोचा येतो, तुकडे होत नाहीत. प्रवास जास्त असेल तर हा चांगला मध्यम मार्ग आहे. आतलं तापमान ती बऱ्यापैकी धरतात. मात्र रंग उडालेल्या जागी गंज धरतो आणि मग आयुष्य पटकन संपतं.

कोनरो आणि शिचिरिन ही उघडी जपानी ग्रिल्स डायटोमाइट या हलक्या, सच्छिद्र मातीची असतात. झाकण नसतं, त्यामुळे मंद भाजणं किंवा ब्रेड जमत नाही, पण सळईवरचे छोटे तुकडे झपाट्यानं भाजायला ती उत्तम. ही माती पाणी शोषते. ओली झालेली कोनरो तापवली की आतल्या वाफेनं तडकते, म्हणून ती कधीही धुवायची नाही आणि तिच्यातले निखारे पाणी ओतून विझवायचे नाहीत.

## जागा आणि सुरक्षितता

बाल्कनीत, गॅरेजमध्ये किंवा तंबूच्या तोंडाशी लावता येईल का?

नाही. बंद किंवा अर्धवट बंद जागेत कोळसा पेटवायचा नाही, यात कुठलीही सूट नाही. जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि धूर दिसत नसला तरी तो निघतच असतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ ही पहिली लक्षणं थकव्यासारखी वाटतात, म्हणून माणूस बाहेर न पडता आडवा होतो आणि तिथेच जीव जातो. काचा लावलेली बाल्कनी, एक दार उघडं असलेलं गॅरेज, कॅम्पर व्हॅन, तंबूचा ओसरीसारखा भाग, सगळ्यांना हाच नियम.

रात्री थंडी वाजते म्हणून ‘विझलेलं’ ग्रिल उबेसाठी तंबूत घेणं हा सगळ्यात घातक प्रकार. झडपा बंद केल्यावरही आत निखारे बराच वेळ धुमसत असतात. त्या वेळात निघणारा वायू तंबूत साठतो.

उघड्या बाल्कनीचा प्रश्न इमारतीच्या आणि अग्निसुरक्षेच्या नियमांवर अवलंबून आहे. ते आधी वाचा आणि मग खरेदीला जा.

टेबलावर ठेवलं तर चालतं का?

थेट लाकडावर नाही. सिरॅमिकचा तळ बाहेरून फार तापलेला वाटत नाही, पण तासन्तास टेकलेला राहिला की खालचं लाकूड काळं पडतं आणि पेटूही शकतं. शिवाय खालच्या झडपेतून ठिणग्या बाहेर पडतात. पाय किंवा चौकट असलेलं ग्रिल घ्या, खाली दगडी फरशी ठेवा आणि फरशी व तळ यांच्यात हवा खेळेल एवढी फट राहू द्या. प्लॅस्टिकचं आणि घडीचं हलकं टेबल तर विसराच. झाकण मागे उघडलं की वजन मागच्या पायांवर जातं आणि टेबल कलंडतं. भिंत, कुंपण, तंबूचं कापड यांच्यापासून किमान मीटरभर अंतर ठेवा. माहितीपुस्तिकेत जास्त सांगितलं असेल तर तेवढं.

## कोळसा आणि विस्तव

कोणता कोळसा वापरायचा?

लाकडाचा ओबडधोबड तुकड्यांचा कोळसा, ज्यावर ‘लंप’ लिहिलेलं असतं. त्याची राख कमी पडते. दाबून केलेल्या विटांमध्ये, म्हणजे ब्रिकेटमध्ये, बांधणीसाठी इतर पदार्थ असतात आणि त्यांची राख कितीतरी जास्त होते. मोठ्या उघड्या ग्रिलमध्ये ती खपून जाते. इथे मात्र वाटीच्या तळाची भोकं मोजकी असतात आणि राख त्यात बसली की विस्तवाचा श्वास कोंडतो.

लहान ग्रिलसाठी तुकड्यांचा आकारही पाहा. अक्रोडापासून लिंबापर्यंतचे तुकडे सर्वात बरे. मुठीपेक्षा मोठे असतील तर फोडा, कारण त्यांच्यात मोठ्या पोकळ्या राहतात आणि विस्तव एका बाजूला सरकतो. पोत्याच्या तळाचा चुरा वेगळा काढा. ३३ सेंमीच्या ग्रिलमध्ये एका वेळी साधारण किलोभर कोळसा मावतो आणि मंद आचेवर तेवढा पाच-सहा तास चालतो. वाटी नेहमी भरून घ्या. कोळसा कमी घालून तापमान कमी ठेवता येत नाही. ते काम झडपांचं. उरलेला कोळसा झडपा बंद केल्या की विझतो आणि पुढच्या वेळी वापरता येतो.

पेटवायचं कसं? रॉकेल किंवा लायटर फ्लुइड चालेल का?

कुठलंही पेटवणारं द्रव नको. आतलं सिरॅमिक सच्छिद्र असतं, ते द्रव शोषून घेतं आणि पुढची कित्येक जेवणं त्या वासाची होतात.

मेणात भिजवलेल्या लाकडी भुशाची किंवा लोकरीसारख्या लाकडी तंतूंची एक वडी पुरते. कोळसा भरा, मधोमध खळगा करा, वडी पेटवून त्यात ठेवा आणि वर दोन-तीन लहान तुकडे टेकवा. खालची झडप पूर्ण उघडी, झाकण उघडं. दहा-बारा मिनिटांत लिंबाएवढा लाल भाग तयार झाला की झाकण बंद करा. मंद आच हवी असेल तर एकाच जागी पेटवा. जोरदार आच हवी असेल तर तीन जागी.

पेटल्यावर सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो. तो कडू असतो आणि पदार्थाला तीच चव देतो. तो विरळ होऊन जवळजवळ दिसेनासा झाला, किंवा पातळ निळसर झाला, की मगच अन्न ठेवा. वीस-तीस मिनिटं लागतात.

तापमान कसं सांभाळायचं?

खालची झडप विस्तवाला किती हवा द्यायची हे ठरवते, वरची बारीक फरक करते. ३३ सेंमीच्या ग्रिलसाठी सुरुवात इथून करा:

- ११० ते १२० अंश: खाली अर्धा सेंमी, वर फक्त चिरेएवढी फट.
- १७० ते १८० अंश: खाली दीड सेंमी, वर एक चतुर्थांश उघडं.
- २५० अंशांच्या वर: खाली पूर्ण, वर निम्म्याहून जास्त.

प्रत्येक ग्रिलचे आकडे थोडे वेगळे निघतात. झडपेच्या कडेवर पेन्सिलीनं खुणा करून ठेवा, दोन-तीन वेळा वापरल्यावर तुमचा स्वतःचा तक्ता तयार होतो.

खरं कौशल्य वेळेत थांबण्यात आहे. काटा १२० वर आल्यावर झडप बंद करायला गेलात तर उशीर झाला. हवं त्या तापमानाच्या वीस-तीस अंश आधीच झडपा त्यांच्या जागेवर आणा आणि मग पंधरा मिनिटं हात लावू नका. थर्मामीटर आतली हवा मोजतो आणि हवा पटकन तापते. भिंती मागून येतात. हवा १२० झाली पण भिंत अजून थंड असेल, तर झाकण उघडताच तापमान ढासळतं आणि बंद केल्यावर सावरायला वेळ लागतो. म्हणून काटा स्थिर दिसल्यावरही वीस मिनिटं जाऊ द्या. त्यानंतर झाकण उघडलं तरी दोन-तीन मिनिटांत तापमान पूर्ववत होतं.

एका वेळी एकच झडप हलवा. दोन्ही एकदम हलवल्या की कशानं काय झालं ते कळत नाही.

तापमान हवं त्यापेक्षा बरंच वर गेलं. आता?

दोन्ही झडपा जवळजवळ बंद करा, पण पूर्ण नाही, आणि वाट पाहा. झाकण उघडू नका. उघडल्यावर काटा खाली येतो खरा, पण विस्तवाला भरपूर हवा मिळाल्यामुळे बंद केल्यावर तो आधीपेक्षा वर जातो. तापलेल्या भिंती निवायला तास-दीड तास लागू शकतो. मंद शिजवायचा पदार्थ असेल तर तो १५० अंशांवर शिजवून वेळ कमी करणं पुष्कळदा जास्त शहाणपणाचं ठरतं.

उलट झालं: १५० च्या वर जातच नाही.

दहापैकी नऊ वेळा राख. जुना कोळसा ढवळा, तळाची सगळी भोकं काडीनं मोकळी करा, राखेचा कप्पा रिकामा करा. राख इतकी साचली की ती आतून खालच्या झडपेवर येते, आणि बाहेरून झडप उघडी दिसत असूनही हवा आत जात नाही. राख नसेल तर चुरा जास्त झाला आहे किंवा कोळशाला दमट हवा लागली आहे. ओला कोळसा तडतडतो आणि बराच वेळ पांढरा धूर सोडतो. डिफ्लेक्टर किंवा पिझ्झाचा दगड फार मोठा असेल तरीही हेच होतं; त्याच्या कडेनं सगळीकडून दोन-तीन सेंमी जागा मोकळी हवी.

झाकण उघडताच आगीचा लोळ का येतो?

आत विस्तव हवेविना कोंडलेला असतो. झाकण झटकन उघडलं की प्राणवायू एकदम आत जातो आणि साठलेले ज्वलनशील वायू भडकतात. भुवया आणि हातावरचे केस जळतात, कधी चेहराही भाजतो. झाकण दोन-तीन सेंमीच उचला, पाच सेकंद तसंच धरा, मग हळूहळू पूर्ण उघडा. चेहरा बाजूला, हातात लांब मोजा. २०० अंशांच्या वर असताना आणि झडपा आवळल्यानंतर ही सवय पाळायलाच हवी.

झाकणावरच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवायचा का?

तपासून ठेवा. कांडीचं टोक उकळत्या पाण्यात धरा, १०० अंश दिसले पाहिजेत. उंचावर असाल तर दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी धरा. फरक असेल तर मागचा नट फिरवून काटा जुळवा. तरीही तो घुमटातली हवा मोजतो. जाळीपाशी तापमान वेगळं असतं. पदार्थ शिजला की नाही हे काडीच्या थर्मामीटरनंच पाहा. कोंबडीच्या सर्वात जाड भागात, हाडाला न टेकता, ७४ अंश झाले पाहिजेत.

धुरासाठी लाकूड किती घालावं?

अंड्याएवढे एक-दोन तुकडे. भिजवू नका, ओलं लाकूड आधी वाफ आणि नंतर कडू धूर देतं. या ग्रिलमध्ये हवा कमी फिरते, म्हणून स्मोकरसाठी, म्हणजे धुरावर शिजवण्याच्या मोठ्या भट्टीसाठी, सांगितलेलं प्रमाण इथे जाचक होतं.

## कॅम्पिंग

गाडीत न्यायचं कसं?

जोडलेलं तसंच नेलं तर आतले भाग एकमेकांवर आपटून तडकतात. जाळी, डिफ्लेक्टर, वाटी, वाटीवरचं कडं सगळं काढा, प्रत्येक भाग जुन्या टॉवेलात गुंडाळा आणि टॉवेलांसकट परत आत बसवा किंवा वेगळ्या खोक्यात ठेवा. कोळसा आधीच काढून घ्या. झाकण पट्ट्यानं आवळा. फक्त कडीवर विसंबू नका. ग्रिल डिकीत उभं, सीटच्या पाठीला टेकून, खाली रबरी चटई घालून ठेवा आणि पट्ट्यानं गाडीच्या हुकाला बांधा. जोरात ब्रेक लागला तर तीस किलोचं सिरॅमिक पुढे येतं, हे लक्षात घेऊनच बांधणी करा. आडवं झोपवून नेऊ नका, वजन बिजागरीवर येतं.

स्वयंपाक झाल्यावर किती वेळानं आवरता येतं?

हा प्रश्न खरेदीआधी विचारायला हवा, कारण कॅम्पिंगचं सगळं वेळापत्रक यावर ठरतं. झडपा बंद केल्यावर ३३ सेंमीचं ग्रिल मंद आचेवरून हात लावण्याजोगं व्हायला तीन-चार तास धरा, जोरदार आचेवरून त्याहून बरेच जास्त. कोळशाच्या पोटात धग त्यानंतरही असू शकते. निघायच्या दिवशी सकाळी ग्रिल पेटवायचंच नाही. शेवटचा विस्तव आदल्या संध्याकाळचा, रात्रभर झडपा बंद, सकाळी बांधाबांध. सकाळच्या चहा-नाश्त्याला गॅसची छोटी शेगडी सोबत असू द्या.

बांधण्याआधी कोळसा सळईनं ढवळा, हाताची मागची बाजू कोळशाच्या वर धरून पाहा, मग तळ चाचपा. कोमट ग्रिल बंद गाडीत ठेवायचं नाही. आगीचा धोका आहेच, कार्बन मोनॉक्साइडचाही आहे.

घाई झाली म्हणून पाणी ओतू नका. तापलेलं सिरॅमिक जागच्या जागी तडकतं आणि उसळणाऱ्या वाफेनं हात भाजतात.

राखेचं काय करायचं?

घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा सोबत न्या, राख आणि उरलेला कोळसा त्यातच. वाळूत किंवा मातीत पुरू नका. पुरलेले निखारे कित्येक तास धगधगत राहतात आणि अनवाणी चालणाऱ्याचे पाय भाजतात. कागदी किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत, सामायिक कचरापेटीत तर मुळीच नको. कोरड्या ऋतूत कॅम्पच्या जागी कोळशावर बंदी असू शकते. ती झाकणाच्या ग्रिललाही लागू असते का हे आधीच विचारून घ्या.

वारा आणि पाऊस असेल तर?

खालच्या झडपेत थेट वारा शिरला की तापमान भसाभस वाढतं. झडपेचं तोंड वाऱ्याच्या पाठीमागे करा, किंवा समोर अंतर ठेवून दगड रचा. पावसाची भुरभुर तापलेल्या घुमटाला सहसा सोसते, पण वरच्या टोपीतून पाणी आत जाऊ देऊ नका. ओलं सिरॅमिक गोठवणाऱ्या थंडीत राहिलं तर आतल्या पाण्याचं बर्फ होऊन चीर पडते. भिजलेलं असेल तर पुढच्या वेळी अर्धा-पाऊण तास अगदी मंद आचेवर वाळवा आणि मगच तापमान वाढवा.

## देखभाल

नवीन ग्रिल पहिल्यांदा कसं वापरायचं?

पहिले तीन-चार विस्तव १७५ अंशांच्या आत ठेवा. गॅस्केटचा गोंद पक्का व्हायला तेवढा अवकाश लागतो. पहिल्याच दिवशी पिझ्झासाठी भट्टी पेटवली तर पट्टी सुटते. मग ग्रिल पूर्ण थंड असताना झाकणाभोवतीच्या धातूच्या पट्ट्याचे नट तपासा. पहिल्या काही वापरांनंतर ते थोडे ढिले होतात. दुर्लक्ष केलं तर एक दिवस कडी उचलताना पट्टा हातात येतो आणि घुमट खाली.

धुवायचं कसं? आत बुरशी आली आहे.

आतून पाणी आणि साबण कधीच नाही. लागलेली चरबी जाळून टाका: २६० अंशांवर अर्धा तास, नंतर निवल्यावर कोरड्या ब्रशनं झटका. जाळीसाठी तारेचा ब्रश वापरत असाल तर प्रत्येक वेळी तार सुटून अडकली नाही ना ते नीट पाहा. अन्नातून पोटात गेलेली तार शस्त्रक्रियेपर्यंत नेऊ शकते.

बुरशी येते ती ग्रिल दमट हवेत बरेच आठवडे घट्ट बंद राहिल्यामुळे. जुना कोळसा टाकून द्या, नवीन भरा, रिकामं ग्रिल २६० अंशांवर तासभर चालवा, जाळी घासून घ्या. पुढे साठवताना आत कोळसा ठेवू नका आणि दोन्ही झडपा थोड्या उघड्या ठेवून वर कव्हर घाला.

गॅस्केट कधी बदलायचं?

कागदाच्या चाचणीत पट्टी दोन-तीन जागी सुळकन निघू लागली, किंवा झडपा बंद करूनही विस्तव विझेना, की बदला. थंड ग्रिलवरून गॅस्केटची जुनी पट्टी खरवडा, उरलेला गोंद अ‍ॅसिटोननं पुसा, पूर्ण वाळू द्या. नवीन पट्टी ओढून-ताणून लावू नका. ताणलेली पट्टी तापल्यावर आखडते आणि सांध्यात फट पडते. लावल्यावर झाकण बंद करून दिवसभर राहू द्या. फेल्टपेक्षा फायबरग्लासची पट्टी जास्त तापमान सोसते.

आत तडा दिसतोय. ग्रिल गेलं का?

कुठे आहे त्यावर ठरतं. कोळशाच्या वाटीत उभी चीर पडणं सर्रास घडतं. ती तिथेच धगधगत्या निखाऱ्यांना टेकलेली असते. तुकडे जागेवर असतील तोवर वापरत राहा. बाहेरच्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर त्या फक्त चकाकीच्या थरातल्या असतात, त्यानं काही बिघडत नाही. पण घुमटात किंवा बाहेरच्या तळात नख अडकेल अशी चीर असेल तर वापर थांबवा. ती तापल्यावर रुंदावते आणि झाकण उचलताना तुकडा निसटू शकतो. फोटो काढून विक्रेत्याला पाठवा. मोठे उत्पादक सिरॅमिकच्या भागांवर लांब मुदतीची हमी देतात, मात्र ती बहुधा पहिल्या खरेदीदारापुरतीच असते आणि पडून फुटलेल्या भागाला लागू होत नाही. पावती सांभाळून ठेवा.

वापरलेलं विकत घ्यावं का?

हमी मिळणार नाही हे धरून घ्या, पण सौदा चांगला ठरू शकतो. सगळे भाग बाहेर काढायला लावा. घुमट आणि तळ बोटाच्या पेरानं जागोजागी वाजवा: अखंड सिरॅमिक स्वच्छ वाजतं, तडा असलेलं बद्द. आतून रॉकेलसारखा वास येतो का पाहा. येत असेल तर सोडून द्या. वाटी, जाळी, गॅस्केट खराब असतील तरी ते बदलता येतात, फक्त त्या मॉडेलचे भाग अजून बनतात याची खात्री करून मग पैसे द्या.